मुनेश्वरभाऊंचा फळा

आमच्या ग्रामपंचायतीच्या सचिवाला मूळव्याध आहे ही बातमी मला फळ्यावरून कळली. नुसती मलाच नाही, सगळ्या गावाला. शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं : "सचिव आज रजेवर. कारण : मूळव्याध. ठिकाण : यवतमाळ. परत : उद्या, बसता आलं तर."

कळंब तालुक्यातलं हे गाव. नाव सांगत नाही. मुनेश्वर हेही सचिवांचं खरं नाव नाही. एवढं लपवायला मी त्यांच्याकडूनच शिकलो. कसं, ते पुढे येईलच.

माहितीचा कायदा तेव्हा नवा होता. कोणी मागायची वाट न पाहता प्रत्येक कार्यालयाने आपला कारभार आपणहून लोकांसमोर मांडावा, असा हुकूम निघाला होता. बाकीच्या कार्यालयांनी एकेक पत्र्याचा फलक रंगवला आणि तो कपाटामागे नीट जपून ठेवला. आमच्या सचिवांनी मात्र हुकूम वाचला आणि तो त्यांना चक्क पटला. पंचायतीला धड भिंत नव्हती, म्हणून ते माझ्याकडे, म्हणजे शाळेच्या गुरुजींकडे, आले आणि शाळेची रस्त्याकडची भिंत मागून काळी करून घेतली.

"लोकायचं हाये, लोकायले दिसू द्या," हे त्यांचं पालुपद. नमस्काराला उत्तर म्हणूनसुद्धा त्यांनी ते दिलेलं मी ऐकलं आहे.

रोज संध्याकाळी खडू घेऊन ते भिंतीशी उभे राहत. "पाहुण्यांना चहा. एक कप सचिवानेही घेतला." "नाली साफ केली. वास आहे." एकदा लिहिलं, "पंचायतीचा दिवा : सध्या माजी सरपंच बापूराव यांच्या ओसरीत." दिवे लागायच्या आत दिवा खांबावर परतला. त्याबरोबर फळ्यावर ओळ आली, "दिवा : खांबावर. बापूरावांचे आभार." बापूरावांना आरोप सहन झाला असता. आभार झाले नाहीत.

एकदा गटविकास अधिकारी आले. त्यांच्या नजरेला पहिलीच ओळ पडली : "हापशी बंद. तक्रार दिली. परत दिली. कोणी आलं नाही." साहेबांचे कान लाल झाले. पुसून टाका म्हणाले. मुनेश्वरभाऊंनी अतिशय नम्रपणे फडकं पुढे केलं. "साहेब, कोन्ती ओळ खोटी हाये तेवढी दाखवा, तेवढी पुसतो." दुसऱ्या दिवशी हापशी दुरुस्त झाली.

याचा जाच मला वेगळाच होता. माझ्या वर्गातली पोरं येता-जाता तोच फळा वाचत. 'कमळ' लिहिता येण्याआधी त्यांना 'शिल्लक' लिहिता येऊ लागलं. पण अक्षर मात्र सुरेख वळलं. मुनेश्वरभाऊंचं अक्षरच तसं होतं, सरकी काढलेल्या कापसासारखं मोकळं, आणि ओळी दोरी लावल्यासारख्या सरळ.

कापसाचं नाव निघालंच आहे तर सांगतो. ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. घराघरात कापूस छताला टेकलेला आणि माणसं ओसरीत झोपलेली. विकावा तर भाव नाही, ठेवावा तर अंगाला खाज. त्यातच गावात काही घरांत नको ते घडलं, आणि मग बाहेरच्या गाड्या यायला लागल्या. पाहणीवाले, फोटोवाले. सचिवांनी त्यांना सगळं दप्तर उघडून दाखवलं. पण एक फोटोवाला एका दारात बसलेल्या बाईवर कॅमेरा रोखायला लागला, तेव्हा मुनेश्वरभाऊ भर उन्हात छत्री उघडून मधे उभे राहिले आणि नालीचा खर्च मोठ्याने वाचायला लागले. तो माणूस डावीकडे सरकला की छत्री डावीकडे. शेवटी तो चिडून म्हणाला, तुमच्या गावात सगळं उघडं असतं असं ऐकलं होतं. "सरकारी ते सगळं उघडं हाये, साहेब," भाऊ म्हणाले. "हे सरकारी नाही."

आणि अशा माणसाच्या फळ्यावर एका शनिवारी सकाळी ओळ उमटली : "सचिव आज रजेवर. कारण : खाजगी."

गाव हादरलं. मूळव्याध सांगणारा माणूस खाजगी म्हणतो म्हणजे काय? पुढच्या शनिवारी परत तेच. त्याच्या पुढच्याही. पारावर तर्कांना ऊत आला. कोणी म्हणालं, पांढरकवड्याला दुसरं घर केलं. कोणी म्हणालं, कवळी बसवून राह्यला. एकाने तर ते गुपचूप सिनेमात काम करतात इथवर मजल नेली, आणि तो एक मीच होतो. त्यांची बायको, आम्हा सगळ्यांच्या वहिनी, त्याआधीच झरीकडे माहेरी गेल्या होत्या. तसं भाऊंनीच सांगितलं होतं. त्यामुळे पांढरकवड्याच्या तर्काला जोर आला.

त्याच सुमारास आणखी एक झालं, जे फक्त माझ्या लक्षात आलं. फळ्यावरच्या ओळी चढायला लागल्या. डावीकडून सरळ निघायच्या आणि उजवीकडे घाटातल्या एस.टी.सारख्या वर वर जायच्या. माझ्या पोरांच्या पाट्यांवरही तोच घाट. मी ओरडलो तर म्हणाली, गुरुजी, सचिवसाहेब तसंच लिहितात.

मग मी प्रशिक्षणासाठी नागपूरला गेलो. तिथल्या मनाच्या दवाखान्यात माझा मावसभाऊ नोकरीला आहे, त्याला भेटायला गेलो. शनिवार होता. आवारातल्या कडुनिंबाखाली मुनेश्वरभाऊ बसले होते. शेजारी वहिनी. भाऊंच्या मांडीवर लहान मुलांची पाटी. त्यांनी तिच्यावर एक ओळ लिहिली, हात लांब करून वहिनींसमोर धरली आणि विचारलं, "चढली का वं?"

वहिनी झाडाकडे पाहत होत्या. भाऊंनी पाटी पुसली, परत लिहिली, परत धरली.

मला पाहून ते दचकले नाहीत. थोडं सरकून जागा दिली. मग हळूहळू सांगितलं. त्या वर्षांत गावात जिथं जिथं रडं झालं, तिथं तिथं वहिनी जाऊन बसल्या होत्या. बाया बोलत, या ऐकत. घरी येऊन काही सांगत नसत. एक दिवस बोलायच्याच थांबल्या.

"मी फळा लिवताना ती सडकेच्या पल्याड उभी राहे, गुरुजी. ओळ उजवीकून चढून राह्यली, म्हने. मले जवळून दिसत नाही न." पाटीवरची धूळ त्यांनी बोटाने पुसली. "गावात सांगू नका. बरी झाली त त्याच हापशीवर पानी भराले जाईन ती. तवा बाया तिच्याकडं कशा पाह्यतीन, सांगा."

मी सिनेमाचा तर्क पारावरून परत घेतला. बाकीचे तर्क माझ्या हातात नव्हते.

ग्रामसभेत बापूराव उभे राहिले. दिव्याचे आभार त्यांनी इतके दिवस सांभाळून ठेवले होते. म्हणाले, "दिव्याचा हिशेब फळ्यावर, त सचिवाच्या शनिवारचा काहून नाही? लोकायचं हाये न? दिसू द्या लोकायले." सभा खदखदून हसली. उत्तर मिळालं नाही तर वर तक्रार जाईल, असंही त्यांनी सांगून टाकलं.

मुनेश्वरभाऊ उठले. मी मान खाली घातली.

"माह्यं असतं त तवाच लिवून टाकलं असतं, बापूराव. मूळव्याध नाही का लिवली?" पुन्हा हशा. तो ओसरेपर्यंत ते थांबले. "हे माह्यं नाही."

मग कोणी हसलं नाही. कोणाचं आहे, असं बापूरावांनी विचारलं, पण आवाज उतरला होता.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सभेचा वृत्तांत होता. "प्रश्न : सचिव शनिवारी कुठे जातो? उत्तर : सचिवाने दिले नाही. बापूरावांची तक्रार सचिवाने स्वतः पंचायत समितीत नेऊन दिली." ओळी नेहमीसारख्या घाट चढत होत्या.

नोटीस आली. तीही फळ्यावर आली. तिला त्यांनी काय उत्तर दिलं ते माहीत नाही, पण वर्षाची वेतनवाढ थांबली. ते लिहायला ते एका संध्याकाळी भिंतीशी उभे होते. शाळा सुटली होती, रस्त्यावर कोणी नव्हतं. वहिनी अजून आल्या नव्हत्या. मी कुलूप लावलं, रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या कडेला जाऊन उभा राहिलो.

"भाऊ," मी म्हणालो, "उजवीकून चढून राह्यली."

खडू थांबला. मग बाहीने शेवटचे शब्द पुसले आणि सावकाश खाली घेऊन परत लिहिले.

"आता?" मागे वळून न पाहताच त्यांनी विचारलं.