कार्लेखिंडीत कोणाला लागली?

पैज घेतली बाबांनी आणि भोगली मी. म्हणून मीच सांगतो.

आमी पनवेलचे. घरात एकच गाडी, आणि ती बाबांशिवाय कोणी चालवायची नाय. समीक्षा ताईने लायसन काढून चार महिने झालेले. तिला रोज खारघरला कॉलेजला गाडी न्यायची होती. बाबा म्हणायचे, "तुझ्या ब्रेकने मानसं ओकतील." (बाबा स्वतः ब्रेक मारतात तेव्हा आत्याची कवळी हलते. पण बोलणार कोण?)

परवा अलिबागला चुलत्यांच्या पोराची हळद होती. भामा आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, सकाळपासून तयारीला लागलेली. नाकाशी लिंबू, तोंडात आलेपाक, पोटावर साडीत खोचलेला दुमडलेला पेपर. बाबा खदाखदा हसले.

"गाडी लागणं हा मनाचा आजार हाय. मला बघा, कधी लागली?"

"चालवणाऱ्याला लागतच नाय," ताई म्हणाली. "मागे बसून दाखवा. अलिबागपर्यंत मी चालवते. कोणालाच लागली नाय, तर कॉलेजला गाडी माझी."

"आणि लागली, तर तुझं लग्न होईपर्यंत चावीचं नाव काढायचं नाय!" बाबांनी टाळी दिली. वर निघताना मुद्दाम दोन प्लेट मिसळ हाणली.

ताईने गाडी अशी चालवली की सायकलवाले आमच्याकडे वळून बघत होते. पेणला थांबवून सगळ्यांना खाली उतरवलं, हवा खायला लावली. खिडक्या दोन बोटं उघड्या, मोबाईलमध्ये बघायचं नाय, लांब रस्त्याकडे बघायचं. "शाळेची सहल हाय का?" असं म्हणून बाबा रील बघत बसले.

आत्या पुढे. मागे आई आणि बाबा, मध्ये जॅकेट घालून मी. वडखळनंतर मी आईच्या खांद्यावर जो झोपलो, तो कार्लेखिंडीची वळणं उतरल्यावर उठलो. मान आखडलेली. आणि वास! असला वास की झोप परत आलीच नाय.

"कोणीतरी ओकलंय!" आत्या किंचाळली.

ताईने गाडी बाजूला घेतली. सीटखाली बघितलं, मॅट उचलली, डिकी उघडली. कुठे काय नाय. नुसता वास.

"मी नाय."

"मी पण नाय."

"कोणी का असेना," बाबा घाईघाईत म्हणाले, "लागली ती लागली. चावी दे."

"आधी कोण ते कळू दे!" ताईचा आवाज रडवेला झालेला. चार महिने वाट बघितलेली तिने.

मग केस मी हातात घेतली. (आमच्या घरात प्रत्येक केसमध्ये आरोपी मीच असतो. यावेळी खरंच काय केलं नव्हतं, त्यामुळे जरा चुकल्यासारखं वाटत होतं.)

"आत्या, आ कर."

"कानाखाली देईन."

"पण वास येतोय तुझ्याजवळ."

"आलेपाकाचा हाय, मेल्या!"

आईने पदर नाकाला लावलेला. लगेच संशय! "आई, नाक का झाकलं?"

"तू जवळ आलास म्हणून."

ताईजवळ गेलो, तिथेही तोच वास. म्हणजे तिघी मिळालेल्या? एकटे बाबा निर्दोष. त्यांच्याजवळ वासच नव्हता. (ते माझ्यापासून दहा फूट लांब उभे होते. मला वाटलं रागाने.)

आत्या बराच वेळ माझ्याकडे बघत होती. "रमा," ती आईला म्हणाली, "हा जिथे जातोय तिथे वास जातोय. यानेच केलंय."

"मी? मी झोपलेलो!"

"झोपेत पण करशील तू."

ताई वळली. "बाबांनी फोडलं ना तुला? काय देतो बोलले, मोबाईल?" आणि तिने चावी बाबांच्या हातावर ठेवली. नुसती ठेवली, आपटली पण नाय. त्याचंच जास्त लागलं मला.

आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो, तर एकाचाही विश्वास नाय! "जा तुमी," मी म्हणालो, "मी नाय येत हळदीला." आणि तोंड लपवायला हात मागे नेऊन जॅकेटची टोपी डोक्यावर ओढली.

"टोपी नको घालू!" बाबा ओरडले.

सगळे बाबांकडे वळले.

"का नको?" ताईने विचारलं.

बाबांनी चावीकडे बघितलं, ताईकडे बघितलं, मग डांबराकडे बघत बसले.

"मीच," ते शेवटी म्हणाले. "पेणपासून मळमळत होतं. खिशात कॅरीबॅग होती. आत्या फोनवर मोठमोठ्याने बोलत होती, रमाचा डोळा लागलेला. केलं कॅरीबॅगेत. पण पिशवी टाकू कुठे? खिडकी दोनच बोटं उघडी. आणि हा पडलेला माझ्याकडे पाठ करून, टोपीचं तोंड वर..."

"मिसळ तुमी हाणली, रील तुमी बघत बसला. माझ्या ब्रेकचा काय संबंध?" ताईने त्यांच्या हातावरची चावी उचलली आणि जाऊन गाडीत बसली.

बाबांनी सगळं खरं सांगितलं, काय लपवलं नाय. फक्त ओरडले ते अर्धा सेकंद उशिरा, आणि पिशवीला गाठ मारायची तेवढी राहून गेलेली.