सात वर्षं खरबूज न खाल्लेला माणूस

मर्गिलानच्या रेशीमवाल्यांच्या मोहल्ल्यात परदेशाहून रजेवर आलेल्या प्रत्येक माणसाला पहिल्या शुक्रवारी चहाखान्यात हजर व्हावं लागतं. असा लेखी नियम नाही. लेखी नियम मोडता येतात, म्हणून मोहल्ल्याने तो लिहिलेलाच नाही. नमाज आटोपला की माणूस येतो, मोठ्या लाकडी खाटेवर मांडी ठोकतो, समोर हिरव्या चहाची किटली येते, आणि मोहल्ल्याचे अध्यक्ष तुर्गुनबॉय-अका घसा खाकरून विचारतात, "मग? तिकडे नान कितीला मिळतो?"

हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. त्याच्या शेपटाला दुसरा प्रश्न बांधलेला असतो, तो वर्गणीचा. यंदा चहाखान्याचं छप्पर नवं करायचं ठरलं होतं. इथे राहणाऱ्यांनी इच्छेनुसार द्यायचं आणि परदेशी राहणाऱ्यांनी क्षमतेनुसार. ही क्षमता ठरवायला 'परदेशस्थ बांधव क्षमता निर्धारण समिती' होती. तिचे अध्यक्षही तुर्गुनबॉय-अकाच; वडीलधाऱ्याला, थोरल्या भावालाही, इथे अका म्हणतात. त्यांची उभी हयात सरकारी कापसाचे आकडे लिहिण्यात गेली. ज्या शेतात कापूस उगवलाही नव्हता तिथे त्यांनी एकशेचार टक्के पीक काढून दाखवलं होतं. असा माणूस गुणाकार करायला बसला की लहान आकड्याची पुढे यायची हिंमत होत नाही. नान भाजणाऱ्याचा पुतण्या पोलंडात ट्रक चालवतो. गेल्या वर्षी त्याने भोळेपणाने खरा पगार सांगितला, आणि मोहल्ल्याच्या दोन्ही टोकांना दिवे लागले.

हिकमतिल्ला भोळा नव्हता. तो सात वर्षं कोरियात प्लास्टिकची झाकणं बनवण्याच्या कारखान्यात होता. यंदा त्याने गाठीला पैसा बांधून आणला होता तो धाकट्या बहिणीच्या, नोझिमाच्या लग्नासाठी. मुलगा ठरल्यात जमा होता. दोनियोर नावाचा वीजकामगार. तो नोझिमाच्या कॉलेजातलाच, त्यामुळे पोरगी खूश होती. आठ दिवसांनी त्याच्या घरचे नान मोडायला येणार होते. एकदा दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी मिळून नान मोडला की शब्द पक्का. तोवर त्या पैशाला मोहल्ल्याची नजर लागू द्यायची नाही, आणि पगार विचारला की तिकडच्या किमती सांगायच्या, असं हिकमतिल्लाने विमानातच ठरवलं होतं.

"नानचं सोडा, अका," तो म्हणाला. "खरबूज विचारा."

ऑगस्ट महिना. चहाखान्यासमोर खरबुजांचा ढीग माणसाच्या छातीला लागत होता, आणि किटलीभर चहाच्या पैशात त्यातलं हवं ते उचलता येत होतं.

"बरं, खरबूज कितीला?"

"वीस हजार वॉन."

समितीची पद्धत अशी, की तिकडचा आकडा घ्यायचा, नऊने गुणायचा, आपल्या चलनातले सोम काढायचे आणि उसासा टाकायचा. उसासा फुटायच्या आधी खरबूजवाला मटकन खाली बसला. "एक लाख ऐंशी हजार? गाडीभर की काय?"

"एक. एवढंसं. तेही पेटीत, मऊ कागदात गुंडाळलेलं. देठ कापत नाहीत. देठावरून घराणं कळतं म्हणे."

"मग तू खातोस तरी कधी?" अध्यक्षांनी विचारलं.

इथे थांबायला हवं होतं. पण चहाखान्यात सगळे एकदम गप्प बसून आपलंच ऐकताहेत, हा योग आयुष्यात फार वेळा येत नाही. हिकमतिल्ला चहाच्या वाटीत बघत म्हणाला, "सात वर्षांत एकदाही नाही."

मग ओघात मटण आलं, कांदा आला, केस कापणं आलं. प्रत्येकाला नऊने गुणलं गेलं. पगाराला कोणी गुणलं नाही, कारण सगळ्यांची बोटं गुंतलेली होती. कारखान्यात राहायला खोली फुकट, दुपारचं जेवण फुकट आणि सणाला मालकाकडून नासपतींची पेटी, हे हिकमतिल्लाने सांगितलं नाही. न विचारलेलं सांगायचा त्याचा स्वभाव नव्हता. अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि त्याची वर्गणी जागच्या जागी माफ केली.

तो शीळ घालत घरी आला. नोझिमा अंगणात रेशमाचे तागे उन्हात घालत होती.

"काय झालं, अका?"

"सुटलो!"

"तुमचं सुटणं मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "मागच्या खेपेला विमानतळावरून सुटलात, आणि बॅग तिथेच फिरत राहिली."

पोरीची जीभ काळी नव्हती, पण डोळे उघडे होते. समितीच्या नियमांत एक पोटनियम होता, ज्याची आजवर कोणाला गरज पडली नव्हती. क्षमता शून्याखाली गेल्यास बांधवाचं नाव देणाऱ्यांच्या यादीतून काढावं आणि घेणाऱ्यांच्या यादीत घालावं. दुसऱ्या दिवशी सकाळी रानो-खाला हातगाडीवर अर्धं पोतं पीठ घेऊन दारात आली. ही मोहल्ल्यातली विधवा. कालपर्यंत त्या यादीत पहिलं नाव तिचं होतं.

"घे बाळा, लाजू नकोस," ती म्हणाली. "माझी परिस्थिती तुझ्याइतकी वाईट नाही. मी रोज खरबूज खाते."

हिकमतिल्लाला धरणी दुभंगावी असं वाटलं. पण दारी आलेलं दान परत पाठवणं मर्गिलानात बसत नाही, आणि आलेलं भांडं रिकामं परत पाठवणं तर मुळीच बसत नाही. रानो-खालाच्या पोत्यात त्याने कोरियाहून आणलेली रजई घातली. तिच्या मागून तेल आलं, तांदूळ आला, गाजरं आली. दुपारपर्यंत घरात तीन महिन्यांचा शिधा जमला आणि नोझिमाच्या सासरच्यांसाठी आणलेल्या दोन बॅगा तळापर्यंत रिकाम्या झाल्या.

बुधवारी अध्यक्ष चाळीस माणसं घेऊन आले. प्रत्येकाच्या हातात हातोडी नाहीतर फावडं. अडलेल्याच्या घरी सगळ्यांनी मिळून फुकट राबायचं, याला इथे हशर म्हणतात. पुण्याचं काम. त्या दिवशीचं जेवण मात्र ज्याचं घर त्याने घालायचं.

"अका, भीक नको पण कुत्रा आवर अशी वेळ आणू नका," हिकमतिल्ला हात जोडून म्हणाला. "घर नवं आहे हो. दुमजली आहे. गेल्या वर्षीच बांधलंय."

"गरिबाचं घर नवं असतं का? नियमात बसत नाही," अध्यक्ष शांतपणे म्हणाले. "आणि हशर जाहीर झालाय. चाळीस माणसं कामधंदा सोडून आलीत, त्यांना काय हात हलवत परत पाठवू?"

दुरुस्त करण्यासारखं काही सापडेना, तेव्हा आधी छताचे पत्रे काढायचं ठरलं. पत्रे काढले, तर ते उत्तम निघाले. इतके चांगले पत्रे गरिबाच्या घरावर शोभेनात, आणि वाया घालवणंही बरं दिसेना. चहाखान्याला छप्पर हवंच होतं. संध्याकाळपर्यंत ते तिकडे चढलं. हिकमतिल्लाच्या अंगणात दोन कढया पुलाव उठला. चाळीस माणसांनी तो चाटूनपुसून खाल्ला आणि जाताना 'अल्लाह तुला बरकत देवो' असं प्रत्येकाने मनापासून म्हटलं.

नेमकी त्याच वेळी दोनियोरची आई, मुअत्तर-खाला, सहज डोकवायला आली. तिने वर पाहिलं तर आभाळ. खाली पाहिलं तर दानाची पोती.

"आम्हाला काही नको हो," ती हिकमतिल्लाच्या आईचा हात हातात घेऊन म्हणाली. "लेक सोन्यासारखी आहे. पण सात वर्षं ज्याला खरबूज दिसलं नाही तो भाऊ, आणि हे असं घर... उद्या सगळा भार आमच्या दोनियोरच्या गळ्यात पडला तर? नान मोडायचं पुढे बघू."

पुढे बघू म्हणजे काय, हे लग्न जमवणाऱ्यांना जगभर कळतं. आई भिंतीला टेकून बसली. नोझिमाने भांडी घासायला घेतली. घासलेलीच भांडी पुन्हा घासू लागली.

"नोझिमा..."

"बोलू नका माझ्याशी. खरबूज महाग कोरियात, आणि लग्न मोडतंय मर्गिलानात." तिने पातेलं आदळलं. "कोणी विचारलं होतं तुम्हाला? नानचा भाव विचारला होता ना? नानचा सांगायचा!"

सात वर्षं ज्या पोरीसाठी झाकणं मोजली तिचाच संसार त्याने एका वाक्यात उधळला होता. तो तसाच अध्यक्षांकडे गेला आणि आपला पगार, फुकटची खोली, फुकटचं जेवण, नासपतींसकट सगळं सांगून टाकलं. अध्यक्ष चिडले नाहीत. आकडे बदललेले त्यांनी आयुष्यभर पाहिले होते.

"नाव खालच्या यादीत एका दिवसात उतरतं," ते म्हणाले. "वर चढायला पुरावा लागतो."

"कसला?"

"समृद्धीचा. सगळ्या मोहल्ल्याला पहाटेचा पुलाव. वर्गणी आता दुप्पट, कारण मध्यंतरी माफ झाली होती. पत्र्यांची मागणी करू नकोस. सुखवस्तू माणूस दिलेलं परत मागत नाही."

पहाटेचा पुलाव झाला. मोहल्ल्याने त्याच आठवड्यात दुसऱ्यांदा त्याचं मीठ खाल्लं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. लग्नासाठी बाजूला ठेवलेल्यातले निम्मे पैसे लग्न टिकवण्यात गेले. पण घरावर नवे पत्रे चढले, मुअत्तर-खालाचा मुलगा नोझिमासाठी उपाशी राहायलाही तयार होता म्हणून की पुलावात मटण भरपूर होतं म्हणून, कोण जाणे, तिचाही निरोप आला. ठरल्या दिवशी दोन्ही घरं अंगणात बसली. पांढऱ्या फडक्यावर नान ठेवला. वडीलधाऱ्यांनी हात पुढे केले, आणि तेवढ्यात अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "फक्त नोंदीसाठी विचारतो. तिकडे खरबूज कितीला मिळतं?"

सगळे हात थांबले. हिकमतिल्लाने खिडकीआडच्या बहिणीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"फुकट," तो म्हणाला. "मालक पेट्याच्या पेट्या पाठवतो. आम्हाला अगदी वीट येतो."

नान मोडला. नोझिमा इतकी हसली, की तिला ओढणीचा बोळा तोंडात धरावा लागला. हिकमतिल्लाला सात वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाबाहेर रांग होती. न्हावी होता, खरबूजवाला होता, समितीचे दोन सभासद होते. प्रत्येकाच्या हातात पासपोर्ट. आणि सगळ्यांच्या पुढे, इस्त्रीचा सदरा घालून, दोनियोर.

"अका, लग्न झालं की मलाही तिकडे चिकटवा," तो म्हणाला. "पगार गुणिले नऊ, आणि खरबूज फुकट! इथे राहून मी तुमच्या बहिणीला काय सुख देणार?"

नोझिमा दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. आत गेली, एक अख्खं खरबूज कापलं, परात आणून रांगेसमोर ठेवली.

"खा," ती म्हणाली. "इथेही फुकटच आहे."

कोणी हात लावला नाही. सगळे गुणाकार करत होते.

लग्न थाटात झालं. पानं गळायच्या आत दोनियोर झाकणांच्या कारखान्यात रुजू झाला. नोझिमाने त्याच्यासाठी एक चांगलं खरबूज लव्हाळ्याच्या जाळीत घालून कोठीत टांगून ठेवलं आहे. थंडीत ते आणखी गोड होतं. ती रोज त्याला फोन लावते.

"खरबूज खाल्लंत का हो?"

"वेडी आहेस का? वीस हजार वॉन! नऊने गुण जरा."

"मी नाही गुणणार. तुम्ही खा."

तो खात नाही. तीही कोठीतलं कापत नाही.

इकडे समितीचे दोन सभासद कोरियाला गेल्याने दोन जागा रिकाम्या झाल्या आहेत. पात्रतेची अट एकच, तिकडची किंमत कानावर पडताच माणसाच्या मनात आपोआप आपल्या पैशांत हिशेब सुरू झाला पाहिजे. मर्गिलानचा रहिवासी असणं आवश्यक नाही. तुम्ही हे वाचता वाचता त्या खरबुजाचे रुपये काढलेच असतील, तर अर्ज करायचीही गरज नाही. अध्यक्षांनी तुमचं नाव घातलं आहे.