सही जुळत नाही

"सही जुळत नाही," ग्रंथपाल म्हणाले आणि त्यांनी कादंबरीचा दुसरा खंड अलगद आपल्याकडे ओढून घेतला.

काउंटरच्या अलीकडे वहिनी उभ्या होत्या. गेल्या वर्षापासून त्यांचा उजवा हात कंपवातानं थरथरत होता. सही करताना पेन मनाला येईल तिकडे जायचं. इतके दिवस कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण मागच्या महिन्यात कुणीतरी दुसऱ्याच्या कार्डावर तीन शब्दकोश लांबवले आणि समितीनं नियम काढला, की देवघेवीच्या वहीतली सही नमुन्याच्या सहीशी तंतोतंत जुळलीच पाहिजे.

"अहो, तुम्ही मला ओळखता ना?"

"बावीस वर्षं ओळखतो. पण या सहीला ओळखत नाही."

"मग अंगठा घ्या."

ग्रंथपालांनी नियमावली उघडली. "अंगठा फक्त निरक्षरांचा."

"मला निरक्षर लिहा."

"लिहिलं असतं हो. पण निरक्षर सभासदाला पुस्तक घरी नेता येत नाही. सचित्र मासिकं इथंच बसून बघायची."

सोबत आलेल्या नणंदबाईंना हसू आवरेना. "वहिनी, चला ना. मी माझ्या कार्डावर घेते."

"वन्सं, तुमच्या कार्डावर तुमची विणकामाची पुस्तकं घ्या. माझं पुस्तक माझ्याच कार्डावर येणार."

"समितीकडे अर्ज करा," ग्रंथपाल समजुतीनं म्हणाले. "अपंग सभासदांसाठी वेगळा विचार करायला कुणाची ना नाही. फक्त अर्जावर सही लागेल."

"कुठली?"

"नमुन्याशी जुळणारी."

आता नणंदबाईंचं हसू मावळलं. "कुणाला शिकवताय तुम्ही? यांनी तीस वर्षं बँकेत सह्याच तपासल्यात!"

ग्रंथपालांचा चेहरा एकदम उजळला. "मग तुम्हीच सांगा मॅडम. अशी सही आली तर काय करायचात?"

वहिनींनी हातातलं पेन काउंटरवर ठेवलं. मग म्हणाल्या, "परत पाठवायचे. एका म्हाताऱ्या गृहस्थांना चार वेळा पाठवलं. पाचव्यांदा ते आलेच नाहीत. आणि मला शिस्तीची म्हणून सगळे मान द्यायचे." त्यांनी स्टूल ओढलं आणि त्या काउंटरला खेटून बसल्या. "म्हणून आज मी परत जाणार नाही. वही द्या इकडे. जुळेपर्यंत करते."

त्यांनी एक सही केली. ग्रंथपालांनी नमुन्याचं कार्ड शेजारी धरून पाहिलं आणि मान हलवली. दुसरी केली. तिसरी केली. सातव्या सहीला पान भरलं. मागं रांग वाढायला लागली. अकराव्या सहीत आडनावाची वेलांटी जवळजवळ जमली होती, पण शेवटच्या अक्षराचा काना वाट चुकून वरच्या ओळीत घुसला.

"काकू, पुरे आता, हात भरून येईल," मागून न्हावीदादा म्हणाले.

"येऊ दे."

न्हावीदादा थोडा वेळ तो हात बघत राहिले. मग ते पुढं आले, आपलं पुस्तक ठेवलं, पेन उचललं आणि डाव्या हातानं सही ठोकली. पावसात सापडलेल्या मुंगीनं पळ काढावा तशी ती दिसत होती.

"हे काय?" ग्रंथपाल ओरडले.

"माझी सही. तपासा."

"डाव्या हातानं?"

"उजव्यानंच करावी असं कुठं लिहिलंय?"

ग्रंथपालांनी नियमावली चाळली. तसं कुठंच लिहिलं नव्हतं. तोवर मागच्या शिक्षिकाबाईंनी पेन डाव्या हातात घेतलं होतं. त्यांच्यामागं पोस्टमन आले. एक आजोबा मुळात डावखुरे होते, म्हणून त्यांनी मुद्दाम उजव्या हातानं केली. नणंदबाईंनी विणकामाच्या पुस्तकासाठी अशी काही सही काढली, की शाई पुढच्या दोन पानांवर उतरली.

"एकही जुळत नाही!" ग्रंथपालांना घाम फुटला.

"मग एकालाही पुस्तक देऊ नका," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "वाचनालय बंद करा. आम्ही बसतो इथंच."

आणि खरोखरच सगळे बसले. खुर्च्या संपल्या तसे लोक जिन्यावर बसले. ग्रंथपालांनी अध्यक्षांना फोन लावला, तर अध्यक्ष म्हणाले, "किरकोळ गोष्टीसाठी मला का त्रास देता? तुमचं तुम्ही बघा." आणि फोन ठेवून दिला.

ग्रंथपाल रिसीव्हर हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी नमुन्याची कार्डं खोक्यात भरली आणि खोकं काउंटरखाली सरकवलं. पेन घेऊन त्यांनी नियमावलीत त्या नियमाखाली एक ओळ लिहिली, "सभासदाला ग्रंथपाल ओळखत असल्यास सही जुळण्याची गरज नाही. सही होत नसेल तर कुठलीही खूण चालेल." त्यांनी ती सर्वांना मोठ्यानं वाचून दाखवली.

"खाली सही करा," वहिनी म्हणाल्या. "नाहीतर उद्या समिती म्हणेल, हे लिहिलं कुणी?"

ग्रंथपालांनी पेन टेकवलं. बावीस वर्षांत समितीला न विचारता त्यांनी खिडकीसुद्धा उघडली नव्हती. हात असा काही थरथरायला लागला, की पहिलं अक्षर कसंबसं उमटलं आणि पुढची सगळी एकमेकांच्या अंगावर कोसळली.

वहिनींनी वही फिरवून घेतली. चष्मा नीट केला आणि ती सही बराच वेळ निरखून पाहिली.

"चालते," त्या म्हणाल्या. "आता पुस्तक द्या."