ठिगळ्याचा इलॅस्टिक दोर

"साखळी बांधायला तो काय चोर आहे?" टेलरमास्तरांनी विचारलं आणि नवीकोरी साखळी पुन्हा खुंटीला अडकवली.

"चोर नाही, कुत्रा आहे," बायको डबा भरता भरता म्हणाली. "आणि आज डॉक्टरीणबाई बघायला येणार आहेत. आजच्या दिवस तरी अक्कल पाजळू नका."

डॉक्टरीणबाई म्हणजे जनावरांच्या. गटारात अडकलेल्या ह्या कुत्र्याला त्यांनीच बाहेर काढलं, बरं केलं आणि मास्तरांच्या हवाली केलं, पण बोलीवर. रविवारी बागेत भेटायचं. माणसांत नीट वागला तर कुत्रा मास्तरांचा, नाहीतर बाईंच्या गाडीतून परत. पांढऱ्या अंगावर काळा चट्टा, म्हणून मास्तरांनी नाव ठेवलं ठिगळ्या. तो शिलाई मशीनच्या पायडलपाशी झोपायचा आणि त्याची झोप मोडेल म्हणून मास्तर मशीन हळू चालवायचे. गिऱ्हाइकांचे कपडे रखडले, पण मास्तरांचा जीव जडला तो जडलाच. बायको मात्र म्हणायची, "जातोय तर जाऊ दे. घर तरी स्वच्छ राहील."

तर साखळीने बिचाऱ्याचा गळा आवळेल ह्या काळजीने मास्तरांनी विजारीच्या कंबरेचं रुंद इलॅस्टिक घेतलं, जोडून जोडून लांब केलं, दुहेरी शिवण मारली आणि दोर तयार केला. जेवण जास्त झालं की कंबर सैल होते, तसा हाही वेळेला सैल होईल, असा त्यांचा हिशेब. शिंप्याचं डोकं, दुसरं काय!

बागेत छान ऊन पडलं होतं. कित्येक दिवसांच्या ढगाळ हवेनंतर सगळं गाव हिरवळीवर लोळायला आल्यासारखं वाटत होतं. बायकोने चादर पसरली, उकडलेली अंडी काढली. मास्तरांना दोन्ही हातांनी अंडं सोलायचं होतं, म्हणून त्यांनी दोराचं दुसरं टोक आपल्या पट्ट्याला अडकवलं.

"बघ कसा गुणी बाळासारखा बसलाय," ते म्हणाले.

तेवढ्यात तळ्याकाठी एक खार दिसली. ठिगळ्या सुटला. साखळी असती तर तिथल्या तिथे अडला असता. इलॅस्टिकने त्याला हवं तेवढं जाऊ दिलं. मास्तर अंड्यात दंग, कुत्रा तळ्यापाशी, आणि मधल्या पायवाटेवर कंबरेच्या उंचीला ताणलेला दोर.

त्या वाटेने नेमके बागेतल्या चालणाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष आले. पोट पुढे, आपण मागे, अशी त्यांची झपाझप चाल. ते दोरावर आदळले, दोरासकट चार पावलं पुढे गेले, आणि तसेच उलटे मागे येऊन बाकावर बसले.

"कोणी ढकललं मला?" अध्यक्ष कडाडले.

मास्तर अंडं टाकून धावले. "माफ करा हो साहेब, आमचा ठिगळ्या जरा..." म्हणत त्यांनी अध्यक्षांना हात देऊन उभं केलं. इकडे मास्तर उठून गेले म्हणताच ठिगळ्याला वाटलं, हा नवा खेळ! तो उड्या मारत परत आला आणि दोघांभोवती गरागरा फिरू लागला. गटारातून आल्यापासून त्याने शेपूट हलवलं नव्हतं, आज मात्र थांबेना.

"अरे थांब! राजा, थांब!" मास्तर ओरडले. ठिगळ्याला वाटलं, शाबासकी मिळतेय. त्याने आणखी दोन फेरे मारले. मास्तर आणि अध्यक्ष पोटाला पोट लावून गच्च बांधले गेले.

"भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात ते उगीच नाही!" अध्यक्ष मास्तरांच्या कानात ओरडले. दुसरीकडे कुठे ओरडायची सोयच नव्हती.

आणि समोर डॉक्टरीणबाई उभ्या.

मास्तरांना वाटलं, संपलं, नेणार आता पोराला.

"हे काय चाललंय?" बाई म्हणाल्या. "ह्याला मी इथे ठेवू? छे! आत्ताच्या आत्ता घेऊन जाते."

"कोणाला घेऊन जाता?" चादरीवरून आवाज आला. बायको कंबर कसून उभी राहिली होती. "अहो, इलॅस्टिकचा दोर शिवला कोणी? ह्यांनी. पट्ट्याला बांधला कोणी? ह्यांनीच. त्या मुक्या जिवाची काय चूक? परत न्यायचंच असेल तर ह्यांना न्या. ठिगळ्या कुठे जाणार नाही, सांगून ठेवते!"

डॉक्टरीणबाईंनी बांधल्या गेलेल्या दोघांकडे पाहिलं आणि त्या खळखळून हसल्या. "ह्यांना ठेवायला आमच्याकडे जागा नाही हो," त्या म्हणाल्या. "कुत्राच राहू दे तुमच्याकडे."

बायकोने ठिगळ्याचा गळा मोकळा केला आणि त्याला चादरीवर नेलं.

"अगं, आधी आम्हाला सोडव की!"

"थांबा जरा. त्याला धाप लागलीये."

अध्यक्षांनी सुस्कारा सोडला. "विजारी शिवता वाटतं तुम्ही? मलाही एक शिवून घ्यायची होती."

"कापड टाका आणून," मास्तर म्हणाले. "माप घ्यायला नको. आलंय अंदाजात."

अध्यक्षांच्या खांद्यावरून मास्तरांना दिसत होतं: उन्हात बायको बसलीये, तिच्या मांडीवर ठिगळ्याचं डोकं, आणि मास्तरांच्या वाटणीचं शेवटचं अंडं ती त्याला भरवतेय. सोडवायची घाई करू नये, असंच मास्तरांना वाटलं.