हार्लनला थंडी वाजत नाही

हार्लन ब्रेकीनं कुडकुडायचं ठरवलं ते एका शनिवारी, दुपारचं जेवण झाल्यावर. उत्तर मिनेसोटात जानेवारी महिन्यात कुडकुडायला खरं तर काही ठरवावं लागत नाही. दाराबाहेर पाऊल टाकलं की काम होतं. निदान हार्लनची तोवर तशी समजूत होती (त्याच्या बऱ्याच समजुती अशा शनिवारपर्यंतच टिकत).

सगळं सुरू झालं ते कोटावरून. हार्लनचा हिरवा कॅनव्हासचा कोट त्याच्या लग्नापेक्षा एक हिवाळा मोठा होता. कोपरांवर चंदेरी चिकटपट्टी, खांद्यातून बाहेर डोकावणारं अस्तर, अर्ध्यावर येऊन रुसणारी चेन. त्याला मासे, पेट्रोल आणि ओल्या कुत्र्याचा वास येई. कुत्रा केव्हाच देवाघरी गेला होता, वास तेवढा मागे राहिला होता. हार्लनचा त्या कोटावर जीव होता, आणि त्याच्या बायकोचा, मार्लिसचा, त्याच कोटावर डोळा होता.

नाताळात तिनं त्याला नवं जॅकेट आणलं. भडक नारिंगी, आत बदकाची मऊ पिसं ठासून भरलेली, आणि वजन म्हणाल तर नावाला. हार्लननं ते घड्याळाशेजारच्या खुंटीला लटकवलं आणि विषय संपवला. म्हणजे त्याच्यापुरता संपवला. त्या शनिवारी मार्लिसनं तो पुन्हा काढला.

"हे जॅकेट आहे का उशी?" हार्लन म्हणाला.

"एकदा घालून तरी बघ."

"फुंकर मारली तर उडेल हे! याच्यात कसली ऊब येणार? थंडीला वजन लागतं, मार्लिस, वजन!"

"ते तुझ्याकडे आहे की."

हार्लननं हे ऐकू न आल्यासारखं केलं. (बत्तीस वर्षांच्या संसारात त्याला ही एक कला साधली होती.)

"हे बघ," मार्लिस कमरेवर हात ठेवून म्हणाली, "संध्याकाळी लव्हॉन येतेय चर्चसाठी जुने कपडे न्यायला. तोवर हे घालून अंगणात खुर्ची टाकून बस. चेन गळ्यापर्यंत लावायची. ती आली की मी कॉलरमधून तुझ्या पाठीला हात लावणार. पाठ गार लागली तर ते तुझं लक्तर तुला लखलाभ. गरम लागली तर ते लव्हॉनच्या पिशवीत."

"असला कोट चर्चवाले कुणाला देणार?"

"देणार कशाला? कापून गोधडीत घालतील."

हार्लनच्या डोळ्यांसमोर चर्चच्या तळघरातलं ते लांब टेबल आलं, टेबलाभोवतीच्या बायका आल्या, आणि त्यांच्या हातातल्या कात्र्या आल्या. तो तडक उठला. बाहेर पारा शून्याच्या इतका खाली गेला होता की रेडिओवाला आकडा सांगताना खाकरला होता. अशा हवेत त्या उशीचा टिकाव लागणं शक्यच नव्हतं. अर्ध्या तासात आपण कुडकुडत आत येऊ आणि कोट वाचेल, असा त्याचा हिशेब होता.

तो घडीची खुर्ची घेऊन बसला. तळ्यावरून वारा येत होता, म्हणून त्यानं मुद्दाम खुर्ची वाऱ्याकडे वळवली. नाकातला ओलावा गोठला. पापण्यांवर पांढरं जमलं. हार्लन खूश झाला आणि पाठीला गारवा कधी लागतो याची वाट बघू लागला.

गारवा लागेना.

त्यानं हात जॅकेटाबाहेर काढून हलवले, पाय लांब केले, गेल्या वर्षीच्या हिमवादळाची आठवण काढली. उपयोग शून्य! पाठ शेकोटीला टेकल्यासारखी उबदार. पोट उबदार. काखेत तर चक्क घाम येत होता. आयुष्यभर नको तेव्हा थंडी वाजली, आणि आज हवी आहे तर बाईसाहेबांचा पत्ता नाही! बदकांचा त्याला मनस्वी राग आला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मार्लिसनं त्याच्याकडे बघून उलथनं हलवलं.

एवढ्यात शेजारच्या डेल्मर कोस्कीचा पिकअप रस्त्यानं आला आणि फाटकापाशी हळू झाला. डेल्मरनं काच खाली केली.

"काय हार्लन."

"काय डेल्मर."

"गारठा आहे."

"याहून वाईट पाहिलाय."

एरवी इथे त्यांचं बोलणं संपलं असतं. पण डेल्मरनं खुर्ची बघितली, बंद दार बघितलं, हार्लनच्या अंगावरचं अनोळखी जॅकेट बघितलं. त्या गावात सरळ प्रश्न विचारणं म्हणजे चिखलाच्या बुटांनी कुणाच्या दिवाणखान्यात शिरणं. त्यामुळे डेल्मर बराच वेळ स्टिअरिंगकडे बघत राहिला.

"सगळं ठीक ना?"

"मी ठीक आहे," हार्लन म्हणाला.

आणि इथेच घात झाला. त्या भागातला पुरुष "मी ठीक आहे" म्हणाला की समजावं, काहीतरी भयंकर घडलंय. मागच्या मार्चमध्ये बर्फ फुटून तळ्यात पडलेला माणूस, गळ्यापर्यंत पाण्यात असताना, दोर टाकणाऱ्यांना हेच म्हणाला होता. डेल्मरचा चेहरा पडला. तो खाली उतरला आणि त्यानं आपला कॉफीचा थर्मास पुढे केला.

"नको नको," हार्लन म्हणाला.

"घे रे."

"खरंच नको, तुला लागेल."

"घे."

तिसऱ्यांदा नाही म्हणणं म्हणजे भांडण. हार्लननं घेतला. एवढंच नाही, डेल्मर समोर उभा राहून बघत होता म्हणून दोन कप कढत कॉफीही प्यायला. पाठीचं तापमान आणखी वाढलं.

डेल्मर तिथून थेट पेट्रोल पंपावरच्या कॅफेत गेला. तिथे तो काय बोलला कुणास ठाऊक. तो फारसं बोलणारा नव्हेच, मान हलवून सुस्कारा सोडला असेल, तेवढं पुरलं. थोड्याच वेळात हार्लनच्या घरापुढून गाड्या जाऊ लागल्या. एरवी त्या रस्त्यावर बर्फ सारणारी गाडी आली तरी लोक खिडकीत येतात! आणि प्रत्येक गाडी हळू होई, प्रत्येक गाडीतून एक हात वर होई, आणि प्रत्येक हाताला हार्लन ओरडून सांगे, "मी ठीक आहे!" जितक्या जोरात सांगे तितकी माणसं हळहळत. एकजण त्याच्या मांडीवर घोंगडी टाकून गेला. दुसऱ्यानं त्याच्या हातमोज्यांत गरम होणाऱ्या पुड्या कोंबल्या. मग डेल्मर परत आला, तो बर्फावर मासेमारीला नेतात ती गॅसची शेगडी घेऊन.

"डेल्मर, ती काढ इथून!"

"हो हो. ठीक आहेस तू." डेल्मरनं शेगडी त्याच्या पाठीमागे ठेवून पेटवली.

"पाठीकडे नको! अरे बाबा, मला थंडी वाजायला हवीय!"

डेल्मर थबकला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली (त्या हवेत!) आणि हार्लनच्या खांद्यावर हात ठेवला.

"असं बोलू नये, हार्लन. हिवाळा सगळ्यांनाच जड जातो."

हार्लननं कपाळावर हात मारला. तोही गरम लागला.

आणि तेवढ्यात लव्हॉन आली. लव्हॉन म्हणजे चर्चच्या बायकांची पुढारी. तिच्या हातात कपड्यांची पिशवी असायला हवी होती, पण होता तो टॉवेलात गुंडाळलेला हॉटडिशचा काचेचा ट्रे. खाली खिमा आणि मश्रूमचं सूप, वर बटाट्याच्या कुरकुरीत गोळ्यांची रांग. हा पदार्थ गावात दोनच वेळा दारात येतो, कुणी गेलं की, नाहीतर कुणी सोडून गेलं की. तिनं तो वाफाळता ट्रे हार्लनच्या मांडीवरच ठेवला.

फाटकाशी थांबलेल्या गाड्या आणि माणसांची गर्दी बघून मार्लिस घरातल्या सपाता घालूनच धावत बाहेर आली.

"अगं बाई, लव्हॉन, हे काय आणलंस?"

"काही नाही गं, थोडंसंच," लव्हॉन मधाळ आवाजात म्हणाली. "मी कशाला काही विचारू? प्रत्येक घरात काही ना काही असतंच. निदान जॅकेट तरी दिलंस त्याला, चांगलं केलंस."

मार्लिसला त्यातलं काही कळलं नाही, कारण तिचं सगळं लक्ष पैजेवर होतं. तिनं हार्लनच्या मागे जाऊन कॉलरमधून हात घातला. आतून वाफ बाहेर आली.

"भट्टी आहे नुसती!" ती आनंदानं ओरडली. "हरलास!"

"शेगडी ठेवली होती पाठीमागे!"

"शेगडीच्या आधी गार होती का? खरं सांग."

हार्लनला खोटं बोलता येत नसे. तो ट्रेमधल्या बटाट्याच्या गोळ्या मोजू लागला. मार्लिस घरात गेली आणि हिरवा कोट घेऊन आली. त्याची चिकटपट्टी लावलेली बाही खाली लोंबत होती. त्या एका बाहीसाठी तो त्या क्षणी सगळ्या गावासमोर रडला असता.

"हा घे, लव्हॉन. घेऊन जा एकदाचा."

डेल्मर बुटांकडे बघू लागला. लव्हॉननं कोटाला हात लावला नाही.

"मार्लिस," ती हळूच म्हणाली, "त्याचा कोटसुद्धा?"

आता कुठे मार्लिसच्या डोक्यात प्रकाश पडला. तिनं गाड्या बघितल्या, शेगडी बघितली, हॉटडिश बघितली.

"अगं नाही! मी काही त्याला बाहेर काढलेलं नाही! आमची पैज होती. त्याला थंडी वाजते का ते बघायला मी त्याला..."

"नवऱ्याला थंडी वाजते का ते बघायला," लव्हॉन सावकाश म्हणाली, "बाहेर बसवलंस."

"तसं नाही गं..."

"नाही नाही. मी कुठे काय म्हणतेय?"

मार्लिस लालबुंद झाली. कोट दिला असता तर ईस्टरपर्यंत चर्चमध्ये तोंड दाखवायची सोय उरली नसती. तिनं कोट हार्लनच्या खांद्यांवर टाकला, वरून प्रेमानं थोपटला आणि दातांतून पुटपुटली, "घाल. आत्ताच्या आत्ता." मग मोठ्यांदा, "चला, सगळे आत चला, कॉफी टाकते!"

कोट वाचला! हार्लननं हॉटडिश दोनदा वाढून घेतली. मंडळींचं दारातलं निरोप घेणं कॉफीपेक्षाही लांबलं. शेवटी दार लागल्यावर मार्लिस एवढंच म्हणाली, "कोट तुझा. मग हे माझं." आणि तिनं नारिंगी जॅकेट आपल्या खुंटीला लावलं. विजयाच्या धुंदीत हार्लन म्हणाला, "खुशाल घे. मला काय करायचंय ते?"

दुसऱ्या दिवशी चर्च झाल्यावर तो नेहमीसारखा गळ घेऊन गोठलेल्या तळ्यावर निघाला, तर मार्लिसही बरोबर निघाली. तिला म्हणे घरात उकडत होतं. बर्फाला पाडलेल्या भोकाशी दोघं दोन बादल्या उपड्या घालून बसली. मार्लिसनं चेन गळ्यापर्यंत ओढली आणि गाणं गुणगुणायला लागली.

हार्लनला थंडी वाजू लागली. खांद्यातून वाजली, कोपरांतून वाजली, रुसलेल्या चेनच्या फटीतून थेट पोटाला वाजली. इतकी वर्षं तो समजत होता की हिवाळा हा असाच असतो. हिवाळा असा नसतो, कोट असा असतो, हे त्याच्या पाठीला कालच कळलं होतं, आणि आता ते विसरायला ती तयार नव्हती. त्याचे दात वाजायला लागले, तसे त्यानं ते घट्ट आवळले.

"गार वाटतंय का रे?" मार्लिसनं पाण्याकडे बघत विचारलं.

"छे!"

बर्फावरून डेल्मरचा पिकअप आला. काच खाली झाली. पुढे थर्मास दिसत होता, मागे शेगडी दिसत होती. हार्लननं दोन्हींकडे आशेनं बघितलं.

"सगळं ठीक ना, हार्लन?"

मार्लिसनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं आणि गोड हसली.

"मी... ठी... ठीक आहे," हार्लन म्हणाला.

डेल्मरनं त्याच्या अंगावरचा जुना कोट बघितला, शेजारी बसलेली बायको बघितली, आणि समाधानानं मान डोलावली. "बरं वाटलं बघ," तो म्हणाला, आणि काच वर करून थर्मास आणि शेगडीसकट निघून गेला. हार्लन ब्रेकी ठीक आहे यावर त्या गावात आज पहिल्यांदाच कुणाचा तरी विश्वास बसला होता.