देवमनभाऊंचा मुका डबा

आमच्या गल्लीत प्रत्येक घरचा खिरापतीचा डबा वाजतो. कोणाचा खुळखुळ, कोणाचा खरखर, कोणाचा नुसताच धप्प. देवमनभाऊंचा डबा तेवढा वाजत नाही. कानाशी धरा, उलटा करा, दोन्ही हातांनी गदागदा हलवा, ढिम्म. आणि डब्यामागे देवमनभाऊ मिशीतल्या मिशीत हसत उभे. "पक्की गाठ हाय, पोट्ट्याहो! सुटत नाही."

ज्यांच्याकडे भुलाबाई बसत नाही त्यांना आधी सांगून घेते, नाहीतर म्हणाल ही बाई कोणत्या डब्याचं घेऊन बसली. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या दिग्रसकडे पोरी मातीची भुलाबाई मांडतात, शेजारी तिचा नवरा भुलोजी, वर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव. कोजागिरीच्या संध्याकाळी टिपऱ्या घेऊन घरोघर जायचं, गाणी म्हणायची, आणि गाणी झाली की खिरापत. पण ती काही सहजासहजी हातावर पडत नाही. घरची बाई झाकलेला डबा हलवून दाखवते, आणि आत काय आहे ते पोरींनी आवाजावरून ओळखायचं. गोड की तिखट? गोल की लांब? ओळखलं की झाकण उघडलं. पाच मिनिटांचा खेळ. देवमनभाऊंकडे पाऊण तास लागतो.

घरची बाई म्हटलं मी, पण त्या घरी हे सगळं देवमनभाऊच करतात. सहा फूट उंची, खांदे दाराएवढे. सारं आयुष्य कापसाच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठी बांधण्यात गेलं. रुई दाबायची, आवळायची, वरून तार कसायची. नोकरी संपली, पण हाताची सवय का कुठे रिटायर होते? बाजारातून मेथीची जुडी आणली तरी अशी बांधून आणतात की सोडवायला विळी लागते.

तीन वर्षांमागं यमुनावहिनींना, म्हणजे त्यांच्या मंडळींना, लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. या यमुनावहिनी म्हणजे आमच्या गल्लीच्या भुलाबाईचा गळा होत्या. सासू-सुनेच्या भांडणाचं ते लांबलचक गाणं आम्हा सगळ्यांचं अर्ध्यात अडायचं, त्यांचं नाही. त्या आजारी पडल्यावर गल्लीतल्या बायका भेटायला गेल्या. भेटायला म्हणजे काय, तर खाटेशी बसून पदर डोळ्याला लावायचा आणि "कशी होती व माय, काय झालं!" असं तिच्याच तोंडावर म्हणायचं. मीही गेले होते, मीही म्हटलं. खोटं कशाला बोलू? वहिनींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी देवमनभाऊंनी मधल्या दाराला जाड पडदा लावला. तेव्हापासून कोणी गेलं की एकच उत्तर, "आताच डोळा लागला तिचा, वयनी."

आम्हाला वाटलं, त्या घरची भुलाबाई आता संपली. तर त्याच भादव्यात हा बाप्या माणूस सायकलच्या हँडलला पिशवीत भुलाबाई-भुलोजी लटकवून आणि कॅरिअरला धांडे बांधून भर बाजारातून आला. पानठेल्यावरचं एक पोट्टं बोललंच, "काका, बांगड्या बी घेतल्या काय?"

सायकल न थांबवता देवमनभाऊ म्हणाले, "घेतल्या ना. तुह्या मापाच्या."

मग सुरू झाला स्वयंपाक. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या अंगणात उघडते, हे माझं नशीब. रव्याच्या लाडवाचा पाक करायला घेतला आणि खिडकीत हजर. "वयनी, एकतारी पाक म्हंता, थे तार कोनत्या नंबरची?"

मी म्हटलं, "भाऊजी, गाठ नाही बांधायची, लाडू बांधायचेत."

"बांधनं थे बांधनंच," म्हणाले. त्यांचे ते लाडू अजून आठवतात. दगडी वरवंट्याने फोडले होते. भुलाबाईपुढे जो ठेवला, तो उंदरांनीही तसाच ठेवला.

पण खरी कला डबा भरण्यात. आत जे काय असेल ते एकेक करून रुईत गुंडाळायचं, मग दाबून बसवायचं, वर पुन्हा रुई. आवाज यावा कुठून? एका वर्षी मात्र डबा खुळखुळ वाजला, आणि पोरी हरखल्या. फुटाणे! नाही. शेंगदाणे! नाही. मुरमुरे, डाळ्या, साखरफुटाणे, चिंचोके... एक तर वैतागून "गोटे!" म्हणाली. शेवटी उघडला, तर मोठ्या डब्यात छोटा डबा, छोट्यात शिरा, आणि भोवती सरकी भरलेली. सरकी! ढोरांच्या घमेल्यातली!

त्यांचे नियमही त्यांचेच. वास घेणं बंद. डब्याला हात लावायचा तर फक्त बाहेरून. आणि मुख्य नियम असा, की एक उत्तर चुकलं की एक गाणं जास्तीचं. पोरी कंटाळल्यासारख्या दिसल्या की म्हणायचे, "अर्धं बरोबर हाय!" मी एकदा विचारलं, "जिलबी म्हटलं पोरीनं, आत निघाल्या शंकरपाळ्या. अर्धं बरोबर ते कसं?"

"दोन्ही तोंडानंच खातेत, वयनी."

बरं, स्वतःच्या घरी एवढे छळणारे देवमनभाऊ दुसऱ्यांच्या घरी मात्र पोरींच्या मागोमाग जाऊन दारात उभे राहायचे आणि डबा एकदा हलला की बाहेरूनच ओरडायचे, "चकली! मोडकी हाय, पन चकलीच. चला, पुढच्या घरी!" कानच तसा, काय करता? घरची बाई डबा हातात घेऊन बघतच राहायची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या मास्तरीणबाईंनी तर एका वर्षी त्यांना पाहून दारच लोटलं. तरी खिडकीतून आवाज आलाच, "करंजी!"

आणि स्वतःचं घर शेवटी. नेहमी शेवटी. "आमच्याकडे सावकाश या," म्हणायचे. मला वाटायचं, म्हातारपणी माणसाला कुठलं ना कुठलं खूळ लागतं. माझ्या मालकांना रेडिओ उघडून बघायचं लागलं होतं. बंद झालेलाच नाही, चालू असलेलाही.

यंदा पोरींनीच बंड केलं. त्यांची पुढारी माझी नात मंजिरी, नववीत आहे. कोजागिरीच्या दिवशी दुपारी केस विंचरता विंचरता म्हणाली, "आजी, आम्ही ठरवलं. देवमन आबांकडे यंदा जायचंच नाही. साडेसातला ट्यूशन आहे, आणि त्यांच्याकडे गेलं की उठूच देत नाहीत."

"अगं, शेजारी आहेत. वाट बघतील."

"मग तू ये सोबत आणि पहिल्या झटक्यात ओळख. ओळखलं की आम्ही मोकळ्या. पुढच्या वर्षीपासून मात्र नाही हं."

आता माझी गंमत पाहा. मला आत काय आहे ते माहीतच होतं. सकाळीच खिडकीत वाटी आली होती. "वयनी, जराशी खसखस देता काय?" पाठोपाठ दुसरी हाक, "वयनी, हे तुपात सोडलं का पसरून राह्यलं, काय करू?" तीन दिवस तांदूळ भिजत घातल्याचा वासही अंगणातून येत होता. अनारसे, दुसरं काय? अनारसा तुपात विरून पसरला की आम्ही बायका म्हणतो, अनारसा हसला. देवमनभाऊंचा पहिला घाणा, खिडकीतून दिसला तेवढा, नुसता हसला नव्हता, लोळला होता. मी मंजिरीच्या कानात सांगून टाकलं. पोरगी खूश. "बस, आजी! तूच सांगजो."

सगळी घरं करून आम्ही सव्वासहाला देवमनभाऊंकडे पोचलो. अंगण शेणानं सारवलेलं, मांडवाला झेंडूच्या माळा. अंगावर धुतलेला सदरा, हातात तो डबा. आम्हाला बघून चेहरा असा खुलला की मलाच आतून खुपलं. "या, या! म्या म्हटलं, यंदा येतात का नाही."

म्हणजे कानावर गेलं होतं तर.

पोरींनी टिपऱ्या धरल्या. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. बोलून बोलून माझा घसा कोरडा. पाण्यासाठी उठले. एरवी "मी आनतो" म्हणून आडवे येणारे भाऊ पोरींनी घेरलेले. मधल्या दाराचा पडदा मी जरासा सारला, माठ तिथंच आत असतो.

यमुनावहिनी खाटेवर तक्क्याला टेकून बसल्या होत्या. खाट दाराला अगदी लावून घेतलेली. वेणी घातलेली, एवढी करकचून की कोणी घातली ते विचारायला नको. कुंकू थोडं वाकडं. अंगावर हिरवं लुगडं. आणि डाव्या हाताची बोटं खाटेच्या लोखंडी दांडीवर टिपरीचा ठेका धरत होती. बाहेर पोरींनी ते सासू-सुनेचं लांबलचक गाणं घेतलं होतं आणि नेहमीच्या जागी अडल्या. वहिनी अडल्या नाहीत. ज्या बाईला तीन वर्षांत "पाणी" म्हणता आलं नाही, तिच्या ओठांतून अख्खी ओळ निघाली. बारीक, फाटक्या आवाजात, पण सुरात, आणि शब्दच्या शब्द.

गाणं संपलं. वहिनींनी डाव्या हाताचं एक बोट वर केलं.

मी पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं. देवमनभाऊंची नजर त्याच फटीकडे. बोट बघितलं आणि पोरींकडे वळून गरजले, "सांगा आता! चुकलं तं एक गानं अजून!"

माठातलं पाणी तिथंच राहिलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी तोंड फिरवलं नाही. मीही काही बोलले नाही, या वेळी अक्कल होती. पडदा होता तसा, फट ठेवून ओढला आणि बाहेर येऊन बसले.

मंजिरी डोळ्यांनी खुणावत होती. "आजी, सांग ना! तूच सांगणार होतीस ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी डबा हातात घेतला, हलवला, कान लावला, मोठा विचार केला.

"चकल्या," मी म्हटलं.

मंजिरीचं तोंड उघडंच राहिलं. "चुकलं!" देवमनभाऊ टाळी वाजवून ओरडले. "अर्धं बरोबर!" पोरींनी कुरकुरत गाणं घेतलं. मग मी शेव म्हटलं. गाणं. मग खारे शंकरपाळे. मग साळीच्या लाह्या. पाचव्या वेळी मी "कच्चा चिवडा" म्हणाले तेव्हा देवमनभाऊंचा डब्यावरचा हात थांबला. सकाळी खसखस कोणाकडून नेली ते आठवलं असावं. माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"वयनी," आवाज एकदम उतरलेला, "आज तुमचं डोकं काही चालून नाही राह्यलं."

"वय झालं, भाऊजी. म्हणा व पोरींनो, अजून एक."

पण मंजिरी माझीच नात. तिनं घड्याळ पाहिलं, सात वाजून गेलेले. ती ताडकन उठली. "अनारसे! अनारसे आहेत आत! आजीनंच सांगितलं होतं मला!"

देवमनभाऊंनी डबा खाली ठेवला. नियम म्हणजे नियम. "सुटली गाठ," हळूच म्हणाले आणि झाकण काढलं. रुई बाजूला करत एकेक अनारसा वाटू लागले. पोरींनी चपला शोधायला सुरुवात केली.

आणि पडद्याच्या फटीत एक बोट वर झालं.

ते दोघांनाच दिसलं, त्यांना आणि मला. एवढा सहा फुटी माणूस, पण हातात डबा नाही, तर पोरींना थांबवायचं कसं हेच कळेना.

मी माझ्या हातातला अनारसा दिव्याच्या उजेडात धरला. मधे भोक, कडेला भोक, खसखस एका कोपऱ्यात गोळा, आणि बाकीचा भाग कोण जाणे कुठं गेला होता.

"थांबा व!" मी ओरडले. "चपला काढा! याले अनारसा म्हंतात? मी साठ वर्षं झाली अनारसे करून राह्यली. ही जाळी आहे, चाळणी आहे, काय आहे ते देवाले माहीत, पण अनारसा नाही! मंजे, तुह्यं उत्तर चुकलं!"

पोरी खदाखदा हसल्या. मंजिरीनं हातातल्या तुकड्याकडे नीट पाहिलं, मग आबांच्या चेहऱ्याकडे. चपला काढल्या आणि टिपऱ्या उचलल्या. "एकच हं, आबा," म्हणाली.

"एकच," देवमनभाऊ म्हणाले, आणि एक अनारसा रुईत गुंडाळून पडद्याआड घेऊन गेले.