सही केल्याशिवाय पळायचं नाही!

"शर्यत धावणाऱ्यांच्या जिवावर होते असं ज्याला वाटतं, तो गाढव आहे!" हिंदुरावांनी कँटीनमध्ये जाहीर केलं. "शर्यत होते स्वयंसेवकांच्या जिवावर!"

कँटीनमधल्या यच्चयावत गाढवांनी माना डोलावल्या. टाइम ऑफिसच्या माणसाशी वाद घालणं कुणालाच परवडत नव्हतं.

हिंदुराव जगदाळे भोसरीतल्या एका बोल्ट बनवणाऱ्या कारखान्यात कामगारांची हजेरी सांभाळत. सात वाजून एक मिनिटाने फाटकातून आत शिरणाऱ्या माणसाकडे ते असं बघत, की त्याला वाटावं आपण शिफ्टला आलो नसून दरोडा घालायला आलोय. त्यांच्या हिशेबी जगात माणसं दोनच प्रकारची होती. एक वेळेवर येणारी आणि दुसरी नालायक. आणि वेळेवर येणाऱ्यांवर त्यांचा संशय जरा जास्तच असे.

ही १९८० च्या जानेवारीतली गोष्ट. आसपासच्या सहा कारखान्यांनी मिळून कामगारांची डोंगरशर्यत ठरवली होती. कुरुळीच्या शाळेच्या मैदानातून सुटायचं, बांधाबांधाने टेकडी गाठायची, माथ्यावरच्या पिंपळाला वळसा घालायचा, पलीकडच्या अंगाने उतरून परत मैदानात यायचं. सगळं मिळून आठ किलोमीटर.

टेकडी गावच्या गायरानात होती, पण हिंदुराव ती स्वतःचीच समजत. कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. गेली दोन वर्षं दर गुरुवारी पहाटे ते संत तुकाराम नगरातून सायकल काढत, मोशीवरून इंद्रायणी ओलांडत, कुरुळीला सायकल लावत आणि पांढरी हाफ पँट, पांढरा बनियन, कॅनव्हासचे बूट अशा थाटात तासभर टेकडीवरच्या पायवाटा तुडवत पळत. कुणाशी स्पर्धा नाही, बक्षीस नाही. खरं सांगायचं तर तेवढा एक तास हा माणूस सुखी असे. टेकडीवर उशिरा येणारं कुणी नव्हतं ना!

इंदुताईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, या सुखाचं कौतुक नव्हतं.

"दुसऱ्या मजल्यावर पाण्याची बादली आणा म्हटलं की तुमची कंबर धरते. डोंगर चढताना ती कंबर कुठं ठेवून जाता?"

"तो छंद आहे. तुला कळायचा नाही."

"मग बादली पण छंद म्हणून आणा!"

अशा माणसांशी काय बोलायचं? हिंदुराव फक्त तुच्छतेनं बघत.

शर्यतीच्या बैठकीत त्यांनी टेबलावर मूठ आपटली. "पिंपळाला न वळता मधल्या मधेच खाली सटकणारे लबाड असतात! वळणावर मी उभा राहतो. एकही चोर सुटणार नाही."

बाकी कुणालाच पहाटे टेकडी चढायची नव्हती, त्यामुळे ठराव एकमतानं पास झाला. फक्त मुख्य पंच साहेबराव, ज्यांच्या गळ्यात स्टॉपवॉच असायचं, एवढंच म्हणाले, "छातीवर मोठे नंबर आहेत हो. नुसते टिपून घ्या."

"नंबर!" हिंदुराव छद्मी हसले. "नंबर काय, कुणीही कुणाचाही लावेल! नियम एकच. ज्याची सही, तो वळला. सही नाही, तो वळला नाही!"

या शर्यतीत हिंदुरावांच्याच कारखान्याचा भीमराज होता. पॅकिंगमधला बदली कामगार. चार महिने काम की ब्रेक, पुन्हा काम की पुन्हा ब्रेक, असं तीन वर्षं चाललं होतं. पिंपरीहून बसची वाट बघण्यापेक्षा तो सरळ पळत कामावर यायचा, आणि सातला दोन मिनिटं कमी असताना फाटकात हजर! तीन वर्षांत एकदाही लेट नाही. या एका गोष्टीनं हिंदुरावांची झोप उडवली होती. काहीतरी भानगड असल्याशिवाय माणूस इतका वेळेवर येईलच कसा?

कंपनीनं शब्द दिला होता, की आपला बदली कामगार पहिला आला तर त्याला खेळाडू म्हणून परमनंट करू. बाकीचे ढालीसाठी पळणार होते. भीमराज नोकरीसाठी पळणार होता.

गुरुवार उजाडला. हिंदुराव डोक्यावर घडीचं टेबल, काखेत जाडजूड मस्टर, खिशात शाईचं पेन आणि कानावर लाल पेन्सिल घेऊन माथ्यावर पोचले. त्यांनी टेबल मांडलं, मस्टरवर रकाने आखले. नाव, टोकन नंबर, विभाग, वेळ, सही. शेजारी अंगठ्यासाठी शाईचं पॅडही ठेवलं. जवळच शेरडं चारणारा धोंडीबा नावाचा म्हातारा हे सगळं बघत होता.

"काय मोजनी हाय का जिमिनीची?"

"शर्यत आहे."

"आन टेबल कशापायी? टेबल बी पळनार हाय व्हय?"

हिंदुरावांनी शाईचं पॅड आणखी सरळ केलं. अडाण्यांना काय सांगायचं!

थोड्याच वेळात भीमराज चढ चढून आला. मागचा माणूस दोनशे पावलं मागे होता. त्यानं पिंपळाला वळसा घातला आणि उताराला लागणार, तोच...

"थांब! सही!"

"कसली सही, साहेब?"

"वळल्याची."

"तुमच्या डोळ्यांदेखत वळलो की!"

"माझ्या डोळ्यांना कोण विचारतो? कागद काय म्हणतो ते महत्त्वाचं! नाव?"

भीमराजचं कार्ड रोज ज्या माणसाच्या हातात, तोच टेबलामागे उभा होता. काय करतो बिचारा? थांबला. जागच्या जागी पाय नाचवत राहिला.

"भीमराज कांबळे."

"टोकन?"

"चारशे बारा. साहेब, लवकर..."

"घाई कशाला? विभाग?"

"पॅकिंग."

"बदली की परमनंट?"

भीमराजनं एकदा वर बघितलं. "तेच ठरवायला पळतोय, साहेब."

हिंदुरावांनी "बदली" असं वळणदार अक्षरात लिहिलं आणि पेन त्याच्या हाती दिलं. पेन उठेना! जानेवारीच्या गारठ्यात शाई गोठली होती की निब बसली होती, देव जाणे. भीमराजनं झटकलं, हिंदुरावांनी झटकलं, फुंकलं, स्वतःच्या बनियनवर घासलं. बनियनवर निळा नकाशा उमटला, कागदावर काही नाही!

तोवर दुसरा आला, तिसरा आला, दहावा आला.

"रांग! रांगेत उभे राहा! सही नाही, तो वळला नाही!" हिंदुराव ओरडले. आणि गंमत बघा, सगळे उभे राहिले! वर्षानुवर्षं कार्ड पंच करायला रांगा लावलेली माणसं ती. समोर टेबल, टेबलावर मस्टर आणि मागे खेकसणारा माणूस दिसला की त्यांचे पाय आपोआप रांगेत जात. भर शर्यतीत, टेकडीच्या माथ्यावर, वीस-पंचवीस धावपटू धापा टाकत एकामागे एक उभे!

त्या दिवसांत खेड्यापाड्यात रांग फक्त एकाच गोष्टीसाठी लागायची. धोंडीबानं रांग बघितली, टेबल बघितलं, मस्टर बघितलं आणि त्याला सगळा उलगडा झाला. कड्यावर उभं राहून खालच्या वस्तीकडे तोंड करून तो बोंबलला, "अगं ए सोजरा! राकेल आलंया! डबा घिऊन ये बिगीबिगी!"

माथ्याच्या अगदी खाली चार घरांची वस्ती होती. तिथून सोजराबाई डबा घेऊन अशी सुटली, की ती शर्यतीत असती तर भीमराजलाही जड गेली असती! तिच्यामागे आणखी दोघी.

"हितंच देत्यात का?" तिनं एका धावपटूला विचारलं.

"आधी सही, मग पुढं," तो कावून म्हणाला.

सोजराबाई सगळ्यांना ढकलून टेबलापाशी आली. "मला सही न्हाई येत. आंगठा चालंल का?"

हिंदुराव खाली मान घालून निब उपसत होते. त्यांनी न बघताच सांगितलं, "चालेल, चालेल."

सोजराबाईनं पॅडवर अंगठा दाबला आणि मस्टरवर उठवला. मागच्या दोघींनीही उठवला.

एवढ्यात रांगेत दुसरा उभा असलेला किसन पुढे झाला. तो शेजारच्या कारखान्याचा, तयारीचा गडी. त्यानं हिंदुरावांच्या कानावरची लाल पेन्सिल खस्सकन ओढली, मस्टरवर सही ठोकली आणि उताराला लागला!

भीमराजनं मोकळा सहीचा रकाना बघितला, लांब पळणारी किसनची पाठ बघितली आणि म्हणाला, "साहेब, खाली आल्यावर करतो. पाहिजे तर दहा सह्या करतो!" आणि सुटला तीरासारखा.

"ए! सही राहिली! सही!"

हिंदुरावांच्या हयातीत मस्टरचा रकाना कधी मोकळा राहिला नव्हता. त्यांनी मस्टर काखेत मारलं आणि तेही सुटले. मागे सोजराबाई ओरडली, "आरं, पळाला! राकेलवाला पळाला! धरा त्याला!"

आता काही म्हणा, दोन वर्षांचे गुरुवार फुकट गेले नव्हते. धावपटू वळणावळणाच्या वाटेनं उतरत होते, पण हिंदुरावांना शेरडांची वाट माहीत होती. ओढ्याच्या कडेनं सरळ खाली! ते दगडांवरून उडत, करवंदीच्या जाळ्या चुकवत, मस्टर छातीशी धरून असे उतरले, की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. भीमराजला मैदानाच्या तोंडाशीच अडवायचा आणि पेन्सिलनं का होईना सही घ्यायची, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. पेन्सिल किसननं नेली हे ते साफ विसरले होते.

मैदानात ते आले खरे, भीमराजच्या पन्नास पावलं पुढे. पण उताराचा वेग आवरेना! "अडवा! अडवा!" असं ते ओरडत होते. लोकांना वाटलं, "आलो! आलो!" म्हणतायत. बँड सुरू झाला. हिंदुरावांनी दोन्ही हात पसरले, फीत छातीवर घेतली आणि थेट प्रमुख पाहुण्यांच्या, म्हणजे त्यांच्याच कारखान्याच्या जनरल मॅनेजरसाहेबांच्या अंगावर जाऊन आदळले. साहेबांनी तत्परतेनं त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला.

"शाबास! या वयात!"

मागोमाग भीमराज आला. त्याच्यामागे, वाटेत त्यानं गाठून मागे टाकलेला किसन. किसननं आल्या आल्या दंगा केला. "या भीमराजची सही नाही! नियम काय सांगितला होता? सही नाही, तो वळला नाही! पहिला मी!"

"आणि हे कोण?" मॅनेजरसाहेबांनी हारातल्या हिंदुरावांकडे बोट केलं.

"ते तुमच्याच टाइम ऑफिसचे जगदाळे. स्वयंसेवक आहेत," साहेबराव हळूच म्हणाले.

मॅनेजरसाहेबांनी मस्टर मागून घेतलं. पहिली ओळ, भीमराज कांबळे, सही मोकळी. खाली तीन निळे अंगठे. त्याखाली लाल पेन्सिलीची किसनची सही.

"या नियमानं बघितलं तर," साहेब सावकाश म्हणाले, "पहिले तिघे अंगठेबहाद्दर. हे कोणत्या कारखान्याचे?"

उत्तर समोरूनच आलं. टेकडीवरून सोजराबाई, डबेवाल्या दोघी, धोंडीबा आणि सहीविना ताटकळलेले सगळे धावपटू मिरवणुकीनं मैदानात शिरत होते.

"ह्योच त्यो!" सोजराबाई गरजली. "आंगठा घेतला आन राकेल न देताच पळाला!"

मैदान खदखदून हसलं. मॅनेजरसाहेब मात्र हसले नाहीत. "जगदाळे, एका वाक्यात सांगा. हा भीमराज पिंपळाला वळला की नाही?"

हिंदुरावांनी मस्टरकडे बघितलं. वळला म्हणावं, तर स्वतःचा नियम स्वतःच मोडायचा. सहा कारखान्यांसमोर! नाही म्हणावं, तर कागद त्यांच्या बाजूनं होता. भीमराज समोर उभा होता. त्यानं हात जोडले नाहीत की गयावया केली नाही. एवढंच म्हणाला, "साहेब, तीन वर्षं तुम्ही माझं कार्ड रोज बघताय. कधी लबाडी सापडली?"

सापडली नव्हती. हिंदुरावांनी कमी शोधली होती असंही नाही! भिंगानं शोधली होती.

"वळला," ते म्हणाले. दाढ उपटावी तसा तो शब्द बाहेर आला. "पहिला वळला. दोनशे पावलं पुढं होता. मी थांबवला."

"किती वेळ?"

"सात मिनिटं." मग हजेरीच्या माणसाला राहवलं नाही. "सात मिनिटं आणि वर काही सेकंद."

"आणि सात मिनिटं थांबवूनही तो पहिला आला?"

"हो, साहेब."

सगळ्या पंचांनी एकमेकांकडे बघितलं. किसनसुद्धा डोकं खाजवत म्हणाला, "मग घ्या राव, त्यालाच द्या. सात मिनिटं म्हणजे लईच झालं!"

हिंदुरावांच्या गळ्यातला हार काढून भीमराजच्या गळ्यात गेला. मॅनेजरसाहेबांनी तिथेच सांगितलं, की सोमवारी पर्सोनेल विभागात येऊन परमनंटची ऑर्डर घेऊन जा. भीमराजच्या साथीदारांनी त्याला खांद्यावर घेतलं. खांद्यावरूनच तो हिंदुरावांना ओरडून म्हणाला, "साहेब, सही करू का आता?" यावर मैदान पुन्हा हसलं. सोजराबाईला कुणीतरी बिस्किटांचे दोन पुडे दिले. ते घेऊनही ती जाताना रागानंच बघत गेली.

हळूहळू सगळे पांगले. बनियनवर निळा नकाशा घेऊन हिंदुराव शाळेच्या पायरीवर बसले होते. गुडघे सोललेले, बूट फाटलेला. तरीही त्यांच्या मनात काहीतरी वळवळत होतं. ती शेरडांची वाट! त्या वाटेनं असं आजवर कोण उतरलं असेल? खुद्द भीमराजच्या पुढे आलो की आपण!

इकडेतिकडे कुणी नाही असं बघून ते साहेबरावांजवळ गेले.

"साहेबराव, एक विचारू? नियमात बसत नाही, माहीत आहे मला. पण मी... फीत तोडली तेव्हा... माझं टायमिंग किती पडलं हो?"

साहेबराव स्टॉपवॉच गुंडाळत होते. त्यांनी चमकून वर बघितलं.

"तुमचं? मी बटण दाबलंच नाही. तुम्ही ज्या तोंडानं धावत येत होता ना हिंदुराव, मला वाटलं, टेकडीवर कुणीतरी मेलं!"